रात्रीचा बंड्या, संध्याकाळचा बंड्या: निरोपाच्या एका निर्णयाचं प्रकरण

बंड्या १२ वर्षांचा, ९ किलो वजनाचा, मिश्र जातीचा कुत्रा. आजार हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या झिजेचा, आणि त्यातून हळूहळू निकामी होत गेलेल्या हृदयाचा. घरात माणसं चार: सत्तरी ओलांडलेले आजोबा, त्यांची मुलगी, जावई आणि ९ वर्षांची नात. नाव अर्थातच खरं नाही. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील बदलले आहेत, आणि दोन घरांतल्या काही गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. आजाराची वाट मात्र अशा कुत्र्यांत जशी दिसते तशीच ठेवली आहे.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं त्याला कारण आहे. ‘आता पुरे’, म्हणजे दयामरण, की ‘अजून थांबू’ यावरून या घरात जी कुरबुर चालली होती, ती कोणाचं बंड्यावर जास्त प्रेम आहे यावरची आहे असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. त्याची पशुवैद्य म्हणून मला तसं दिसलं नाही. तिघं मोठी माणसं बंड्याला दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी बघत होती, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळाच कुत्रा आला होता.

आजार आणि त्याचा हिशेब

लहान चणीच्या कुत्र्यांना म्हातारपणी होणाऱ्या हृदयविकारांत हा सगळ्यात जास्त आढळतो. डाव्या बाजूची झडप जाड आणि वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही, आणि हृदय आकुंचन पावलं की थोडं रक्त मागे, वरच्या कप्प्यात ढकललं जातं. कप्पा फुगतो, मागचा दाब फुप्फुसांच्या शिरांपर्यंत पोचतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी उतरतं. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये या आजाराचे ए ते डी असे टप्पे ठरवले आणि २०१९ मध्ये ते सुधारले. सी म्हणजे हृदय निकामी झाल्याची लक्षणं एकदा तरी दिसून गेलेली. डी म्हणजे नेहमीची औषधं भरपूर मात्रेत देऊनही लक्षणं आटोक्यात न राहणारी.

बंड्या पहिल्यांदा आला तोच धापा टाकत, म्हणजे थेट सी टप्प्यात. ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइड या लघवी वाढवून फुप्फुसांतलं पाणी कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी दोन दिवसांत सावरला. घरी जाताना औषधं चार: हृदयाचं आकुंचन सुधारणारं पिमोबेन्डन, फ्युरोसेमाइड, रक्तवाहिन्या सैल करणारं एक एसीई इनहिबिटर आणि लघवी वाढवणारंच दुसरं, स्पायरोनोलॅक्टोन.

“किती दिवस आहेत त्याच्याकडे?” मुलीने विचारलं. या प्रश्नाला आकडा आहे, पण तो जपून वापरावा लागतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वेस्ट’ नावाच्या अभ्यासात अशाच कुत्र्यांपैकी पिमोबेन्डन मिळालेल्यांचा मध्यम काळ २६७ दिवस होता, आणि त्याऐवजी बेनॅझेप्रिल हे एसीई इनहिबिटर मिळालेल्यांचा १४० दिवस. मध्यम काळ म्हणजे निम्मी कुत्री त्याआधीच त्या रेषेपाशी पोचली. आणि ती रेषा निव्वळ मृत्यूची नव्हती. हृदयामुळे आलेला मृत्यू, हृदयामुळेच दिलेलं दयामरण आणि उपचार निष्फळ ठरणं, तिन्ही त्यात एकत्र मोजलेलं होतं. म्हणजे निसर्गाने ठरवलेला वाटणारा तो आकडाही काही प्रमाणात बंड्याच्या घरच्यांसारख्याच माणसांनी, अशाच कुठल्यातरी संध्याकाळी घेतलेल्या निर्णयांतून तयार झालेला आहे. हे मी मुलीला सांगितलं. तेव्हा तिला ते फारसं आवडलं नाही.

पुढचे काही महिने बरे गेले. मग खोकला वाढला, फ्युरोसेमाइडची मात्रा वाढली, एकदा चालता चालता बंड्या चक्कर येऊन पडला, आणि त्यानंतर निरोपाचा विषय घरात पहिल्यांदा निघाला. काढला जावयाने. त्यामुळे तो त्या दिवसापासून ‘घाई झालेला’ ठरला.

कोणाला काय दिसत होतं

मुलीकडे औषधं होती. दिवसातून चार-पाच वेळा गोळ्या, त्यांचं वेळापत्रक, तपासण्यांची फाइल. तिचं मोजमाप सरळ होतं: गोळी खाल्ली, जेवला, म्हणजे दिवस चांगला. संध्याकाळी ती कामावरून आली की बंड्या दारापर्यंत यायचा आणि शेपूट हलवायचा. याच बंड्याबद्दल ती बोलत असे, आणि तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त, आवडतं माणूस दारात आलं की शरीरात जी उसळी येते तिच्या जोरावर आजारी कुत्रंही पाच-दहा मिनिटं ठणठणीत दिसू शकतं. शेपटीवरून आनंद कळतो, फुप्फुसं कळत नाहीत.

दवाखान्यातही तेच होतं. टेबलावर कुत्रा सावध असतो, कान टवकारून उभा राहतो. ज्या डॉक्टरने निर्णयाला मदत करायची, त्याच्यासमोर येणारा कुत्रा सगळ्यात कमी खरा असतो, ही आमच्या कामातली जुनी अडचण आहे.

जावयाला बंड्यापेक्षा बायको जास्त दिसत होती. तिची मोडलेली झोप, रद्द झालेली कामं, वाढता खर्च. याबद्दल बोलायची माणसांना लाज वाटते. वाटू नये. दीर्घ आजारी प्राण्याची काळजी घेणाऱ्यांवर येणारा ताण मोजण्याचं काम मेरी बेथ स्पिट्झनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलं. निरोगी प्राणी असलेल्यांच्या तुलनेत अशा माणसांत ओझ्याची जाणीव, तणाव आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. घर थकलेलं असेल तर तोही या निर्णयातला एक घटक आहे. तो लपवला की दुसऱ्या कुठल्यातरी रूपात बाहेर येतो, आणि मग ‘तुला तो नकोच होता’ अशी वाक्यं ऐकू येतात.

रात्र आजोबांकडे होती. बंड्या त्यांच्या खाटेजवळ झोपायचा. चर्चा चालू असताना आजोबा गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ मुलीने ‘बाबांनाही थांबायचंय’ असा लावला होता.

मी आजोबांना बाजूला घेऊन विचारलं, “काका, रात्री काय करतो तो?”

“बसतो,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“बसूनच असतो. झोप येते त्याला, मान खाली जाते, मग दचकून परत वर करतो. आडवा होत नाही.”

किती रात्री असं चाललंय हे त्यांनी सांगितलं नाही. का बोलले नाहीत, हे मात्र सांगितलं: “मी सांगितलं असतं तर तो माझ्या शब्दावरून गेला असता.”

मला या सगळ्या प्रकरणात हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे माहिती होती, त्यालाच तिच्या परिणामाची धास्ती होती. म्हणून निर्णयासाठी सर्वात उपयोगी गोष्ट घरातच, एका खाटेच्या बाजूला, पडून राहिली होती.

मी त्यांना फोनवर व्हिडिओ काढायला सांगितला. पहाटे तीनचा व्हिडिओ आला. बंड्या भिंतीला टेकून बसलेला, मान पुढे ताणलेली, कोपरं छातीपासून लांब धरलेली. मिनिटाला ४६ श्वास. झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत राहतात, बहुतेकांचे तर २५ च्याही आत. छाती वर-खाली झाली की एक श्वास, असे अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे, इतकं ते सोपं आहे. हृदयविकारात घरी मोजता येणाऱ्या गोष्टींपैकी याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं काही माहीत नाही. मुलीलाही हे पहिल्या दिवशीच शिकवलं होतं आणि ती नेमाने मोजत होती. पण दुपारी, बंड्या तिच्या मांडीवर डोकं टेकून पडलेला असताना.

व्हिडिओ तिने माझ्यासमोर पाहिला. दोनदा.

गुणांची बेरीज

पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली एक गुणपट्टी बऱ्याच ठिकाणी वापरतात. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का: अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर आयुष्याचा दर्जा सांभाळण्यासारखा आहे असं धरतात. मी ती आजोबांना आणि मुलीला वेगवेगळी भरायला दिली, एकमेकांचं न बघता.

मुलीची बेरीज आली ४८. आजोबांची ३६. दोघंही पास.

पण वेदनेच्या ओळीत, जिच्यात श्वासही धरला जातो, मुलीने ७ दिले होते आणि आजोबांनी १. बेरजेची अडचण इथे उघडी पडते. भूक ६, स्वच्छता ७, पाणी ७ असे गुण गोळा होत जातात आणि धड श्वास घेता न येणारा कुत्रा उत्तीर्ण होतो. व्हिलालोबोस यांनी स्वतः श्वासाला सर्वांत वरचं स्थान दिलेलं आहे; बेरीज करताना ते विसरलं जातं. माझं मत असं की ही पट्टी बेरजेसाठी वापरूच नये. सर्वांत खालचा आकडा कोणता, आणि दोन माणसांच्या उत्तरांत सर्वांत मोठा फरक कुठे आहे, एवढंच तिच्यातून बघावं.

बंड्याला भूक होती, यावर मुलगी अडून होती. भूक हे पुष्कळांचं शेवटचं निशाण असतं: खाणं सोडेल तेव्हा बघू. मूत्रपिंडाच्या आजारात ते काही अंशी चालतं. हृदयाच्या आजारात ते दगा देऊ शकतं, कारण पुष्कळ कुत्री फुप्फुसांत पाणी भरायच्या आदल्या दिवसापर्यंत खातात. कुठल्या खुणेकडे बघायचं ते आजारावरून ठरतं. सगळ्या प्राण्यांना लागू पडेल अशी एकच खूण शोधण्यात अर्थ नाही.

आधी आखलेल्या रेषा

त्या दिवशी दयामरणाचा निर्णय झाला नाही. व्हायलाही नको होता, कारण औषधांत अजून एक पाऊल शिल्लक होतं. आम्ही फक्त काही गोष्टी कागदावर लिहिल्या. मोजणी रात्रीची, आणि ती आजोबांची. जादा डोस देऊनही झोपेतले श्वास सलग दोन रात्री ४० च्या वर राहिले, किंवा एखादी अख्खी रात्र आडवं होता आलं नाही, किंवा पुन्हा ऑक्सिजनसाठी भरती करायची वेळ आली, तर त्याच दिवशी सगळ्यांनी बसायचं. बसल्यावर काय ठरेल ते लिहिलं नाही. रेषा ओलांडली की आपोआप इंजेक्शन, असं ठरवलेलं मी कुठल्याच घरात टिकलेलं पाहिलेलं नाही. पण ‘बसायचं’ एवढं टिकतं. आणि आणखी एक ओळ आजोबांच्या सांगण्यावरून: बसल्यावर मी माझं मत स्पष्ट सांगायचं.

याबद्दल थोडं बोलायला हवं. ‘निर्णय तुमचा आहे’ हे वाक्य कायद्याने आणि शिष्टाचाराने बरोबर आहे. पण ते एकटंच उच्चारून डॉक्टरने मागे सरकणं मला पटत नाही. घरच्यांनी आयुष्यात असे प्रसंग एक-दोनदाच पाहिलेले असतात, आम्ही नेहमी पाहतो. ‘आमच्या जागी तुम्ही असता तर?’ असं विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवं. ते मान्य करायचं की नाही, तो त्याचा हक्क.

औषधांतलं उरलेलं पाऊल म्हणजे फ्युरोसेमाइड बदलून त्याच प्रकारचं, जास्त जोरकस टोरसेमाइड देणं. ते लागू पडलं. रात्रीचे श्वास २६-२८ वर आले आणि बंड्या कुशीवर झोपू लागला. जवळजवळ तीन आठवडे. याची किंमत होती: सतत तहान, सतत लघवी, रात्री दोनदा पुसावी लागणारी फरशी. तरी, त्या पहाटेच्या व्हिडिओनंतर लगेच निरोप दिला असता तर हे आठवडे गेले असते, हे आजही मुलगी सांगते आणि ते खरं आहे.

दुसऱ्यांदा

मग मूत्रपिंडं बोलू लागली. लघवी वाढवणारी औषधं फुप्फुसं कोरडी ठेवतात आणि त्याच वेळी मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी करतात. मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.४ वरून ३.६ वर गेलं. बंड्या ओठ चाटत राहायचा, ताटलीजवळ येऊन मान फिरवायचा. ही मळमळीची खूण. वजन ७.४ किलोवर आलं होतं आणि पाठीवरचे, डोक्यावरचे स्नायू झडून हाडं हाताला लागत होती. औषध कमी करावं तर फुप्फुसं भरणार, तसंच ठेवावं तर मूत्रपिंडं जाणार, आणि मूत्रपिंडांसाठी सलाईन लावावं तर तेच पाणी पुन्हा फुप्फुसांत. इथे डॉक्टरकडे हलायला जागा उरत नाही.

आजोबांची नोंद: पहिली रात्र ४४, दुसरी रात्र ४८, दोन्ही जादा डोसनंतर.

तिसऱ्या सकाळी बंड्या उठला, अंगणात गेला, कुंपणावरच्या पक्ष्यावर भुंकला. मुलीने फोन केला: “आज नको डॉक्टर. आज तो चांगला आहे.”

आम्ही ठरल्याप्रमाणे बसलो. मी माझं मत सांगितलं: उद्या. त्यामागचा विचार असा होता. घरच्यांच्या डोळ्यांपुढे दोन पर्याय होते, एक म्हणजे आता इंजेक्शन आणि दुसरा म्हणजे कधीतरी झोपेत शांतपणे येणारं मरण. या आजारात दुसरा पर्याय अगदीच अशक्य नाही. हृदयाचा ठोका बिघडून काही कुत्री क्षणात जातात. पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. झडपेला धरून ठेवणारी दोरी तुटली किंवा औषध पुरं पडेनासं झालं, की पाण्यात बुडणाऱ्यासारखी तडफड होते, आणि ती बहुधा रात्री. मग धावपळ, अनोळखी डॉक्टर, काचेच्या पेटीतला ऑक्सिजन, आणि घरचे बाहेर. खरी निवड उद्याची दुपार आणि अशी एखादी रात्र यांच्यात होती. तारीख मात्र मला सांगता येत नव्हती, आणि मुलीचा सगळा विरोध त्या न सांगता येणाऱ्या तारखेवर उभा होता. चांगल्या दिवशी निरोप देणं म्हणजे त्याचा तो दिवस चोरणं, असं तिला वाटत होतं.

तेव्हा आजोबा बोलले. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर. “दिवसा तुम्ही असता त्याच्याजवळ. रात्री तो माझ्याकडे बघतो.” मुलीने त्यावर वाद घातला नाही. होही म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने उद्या किती वाजता, एवढंच विचारलं.

ती रात्र निभावण्यासाठी मी फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं आणि श्वासाची घालमेल कमी व्हावी म्हणून थोडं ब्यूटॉर्फॅनॉल, हे शांत करणारं औषध.

नातीला आईने स्पष्ट सांगितलं: बंड्याचं हृदय बरं होणार नाही, डॉक्टर औषध देतील आणि तो मरेल, दुखणार नाही. तिने दोन प्रश्न विचारले. त्यातला एक, ‘मी गोळी द्यायला विसरले होते म्हणून का?’ मुलं असा हिशेब मनात मांडतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत, म्हणून मी नेहमी मुद्दाम सांगायला लावते की हे कोणाच्या चुकीमुळे झालेलं नाही.

प्रत्यक्ष निरोप

घरी केलं. हृदय कमजोर असलेल्या कुत्र्यात दोन गोष्टी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. एक, त्याला आडवं पाडायचं नाही. बसलेल्या स्थितीतच, आजोबांच्या पायाला टेकून, पायाच्या शिरेत सुई बसवली आणि हलकी भूल दिली. दुसरी, रक्ताभिसरण मंद असल्यामुळे औषधाला वेळ लागतो, आणि ते आधी सांगितलं नाही तर घरच्यांना काहीतरी बिघडलं असं वाटतं. भूल चढल्यावर तो आपसूक कलंडला. नात त्यानंतर आजीच्या फोटोच्या खोलीत गेली. किती वेळ थांबायचं ते तिचं तिने ठरवलं होतं.

मग पेंटोबार्बिटल. हे मुळात भुलीचंच औषध, पण खूप जास्त मात्रेत. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास येऊ शकतो किंवा स्नायू थरथरू शकतो. तेव्हा प्राण्याला काही कळत नसतं. हे सगळं आधी सांगूनही बंड्याने तसा एक श्वास घेतला तेव्हा जावई दचकून पुढे झाला. मी स्टेथोस्कोप लावून काही मिनिटं ऐकत राहिले आणि मगच गेल्याचं सांगितलं.

नंतर

पुढच्या आठवड्यात मुलगी उरलेली औषधं आणि फाइल घेऊन आली. तिचा प्रश्न होता, थांबलो असतो तर किती? मी तिला क्रिएटिनिनचा ३.६ हा आकडा आणि दोन रात्रींची नोंद पुन्हा दाखवली, आणि म्हटलं की काही दिवस बहुधा निघाले असते. नाही म्हणणं सोपं गेलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं.

जावयावरचा ‘घाई झालेला’ हा शिक्का मात्र त्या कागदामुळे पुसला गेला. रेषा कोणी ओलांडल्या ते सगळ्यांना दिसत होतं, आणि त्या मोजणारे आजोबा होते.

उरला तो बाप-लेकीतला फरक. मुलीच्या मते निरोप चार दिवस लवकर झाला. आजोबांच्या मते तो त्या पहिल्या व्हिडिओच्या पहाटेलाच व्हायला हवा होता, मधले तीन आठवडे बंड्याने त्यांच्यासाठी काढले. मुलगी म्हणते, त्या आठवड्यांत तो कुशीवर झोपत होता, बाबा ते विसरतात. आजोबा म्हणतात, तिच्या चार दिवसांत चार रात्रीही आल्या असत्या. यावर त्यांचं अजून जमलेलं नाही.